मुलीसाठी घोडा विकत घ्यावा की लीजवर? आमची तयारी झाली आहे हे कशावरून ओळखावे?

मुठाकाठ, पुणे

नमस्कार. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि पुण्याबाहेरच्या एका रायडिंग क्लबमध्ये ती काही वर्षांपासून घोडेस्वारी शिकते आहे. तिची मांड आता पक्की झाली असून दुडकी आणि कँटर या दोन्ही चालींत ती निर्धास्त बसते, लहान अडथळ्यांवरून घोडा उडवतेही. स्वतःचा घोडा हवा हा तिचा आग्रह बरेच दिवस चालू आहे. तो निव्वळ बालहट्ट म्हणून बाजूला सारावा असे मला वाटत नाही, कारण स्वारी नसते त्या दिवशीही ती पहाटे उठून तबेल्यात जाते. आम्हा पती-पत्नींपैकी मात्र कोणीही कधी घोड्यावर बसलेले नाही.

आमच्यापुढे दोन मार्ग आहेत. रेसमधून नुकताच निवृत्त झालेला सहा वर्षांचा एक थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचा घोडा) ओळखीतून जवळजवळ विनामूल्य मिळतो आहे. दुसरा मार्ग म्हणजे क्लबमधलाच चौदा वर्षांचा, खच्ची केलेला, शांत स्वभावाचा घोडा हाफ लीजवर घेणे. त्यात आठवड्यातले तीन दिवस तो मुलीकडे राहील आणि त्याचा निम्मा खर्च आम्ही उचलायचा. स्वतःचा घोडा क्लबमध्ये ठेवायचा तर महिन्याला पंचवीस हजारांच्या घरात पैसे लागतील, नालबंद आणि डॉक्टर वेगळे, असे सांगण्यात आले. म्हणून असाही विचार आला की थरोब्रेड घेऊन तो शिरूर तालुक्यातल्या आमच्या शेतावर ठेवावा. तिथे माझ्या दिरांच्या गाई आहेत, गोठा प्रशस्त आहे, घरचे हत्तीगवत आणि उसाचे वाढे आहेत, गाईंचे पाहणारा गडीही आहे. आम्ही शनिवार-रविवारी जाऊ शकू.

पैशाचा हिशेब आमचा आम्ही करू. आम्ही खरोखर तयार आहोत की नाही, हे कशावरून ओळखावे, आणि नवख्या कुटुंबाच्या नजरेतून नेमके काय निसटते, हे अनुभवी मंडळींनी सांगावे अशी विनंती आहे.

जुनी पागा, बारामती

ताई, आमच्या घरात तीन पिढ्या घोडी आहेत, म्हणून अधिकाराने नाही पण आस्थेने लिहितो. मुलगी घोड्यावर कशी बसते यावरून तयारी ओळखता येत नाही. स्वारीचा तास संपला की क्लबमध्ये मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा माणूस, घोडा हातात घेतो, आणि घोडा पाळण्याचे काम तिथून पुढे सुरू होते. घामाने भिजलेला घोडा हळूहळू चालवून निववणे, खोगिराखालची पाठ हाताने चाचपून कुठे सूज आहे किंवा गरम लागते आहे ते पाहणे, खरारा करणे, चारही खूर उचलून साफ करणे, चंदी (दाण्याचा खुराक) मोजून देणे, पाण्याची बादली घासणे, लीद काढणे, ही कामे वर्षाचे सगळे दिवस असतात आणि परीक्षेच्या किंवा लग्नाच्या दिवशीही ती टळत नाहीत. तेव्हा क्लबच्या मोतद्दाराला विनंती करा आणि एक महिनाभर मुलीने एका घोड्याचे सकाळ-संध्याकाळचे सगळे काम त्याच्या देखरेखीखाली करावे, तेही स्वारी न करता. त्यात तिचे मन रमले तर पुढचे बोलण्यात अर्थ आहे.

तुम्हा दोघांनाही तेवढेच शिकावे लागेल. मुलगी शाळेत असताना घोडा लंगडला तर फोन तुम्हाला येणार आहे.

आता त्या थरोब्रेडविषयी. हा प्राणी कमी प्रतीचा नसतो; त्याच्याइतका धाडसी आणि मनापासून धावणारा घोडा क्वचितच मिळतो. परंतु त्याला काय शिकवलेले आहे ते ध्यानात घ्या. दीड-दोन वर्षांचा असल्यापासून त्याचे काम सुरू होते, पहाटे मैदानावर धावायचे आणि उरलेला दिवस ठाणावर उभे राहायचे, एवढेच त्याचे आयुष्य असते. लगाम ताणला की त्यावर भार टाकून अधिक जोरात पळायचे, हे त्याच्या अंगी मुरलेले असते. आपल्याकडे शिकलेले मूल मात्र घोडा थांबवण्यासाठीच लगाम ओढते. बहुतेक वेळा जॉकीला उचलून पाठीवर बसवतात तेव्हाही घोडा चालतच असतो, त्यामुळे स्वार चढेपर्यंत स्थिर उभे राहणे त्याला नव्याने शिकवावे लागते, आणि पायाच्या हलक्या इशाऱ्याने बाजूला सरणे तर त्याला ठाऊकच नसते. मैदानातून आलेल्या घोड्याला काही महिने मोकळे चरू द्यावे लागते, मग जाणत्या स्वाराने तो नव्याने घडवावा लागतो. पंधरा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा असा घोडा यांनी एकमेकांना शिकवावे ही अपेक्षा दोघांवरही अन्याय करणारी आहे. फुकट मिळणाऱ्या घोड्याची चंदी, नाल आणि औषधे विकतच्या घोड्याइतकीच असतात, हेही ओघाने आलेच.

कोणी तुम्हाला सारंगखेड्याला जाण्याचा सल्ला देईल. दत्तजयंतीला तापीकाठी भरणारी ती यात्रा जरूर पाहावी. मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे पांढरे नुकरे असे घोडे तिथे एका जागी दिसतात. पण तिथली किंमत रंगावर, उंचीवर, अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवर ठरते. गळ्याखालचा देवमण हा शुभ मानलेला भोवरा किंवा चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी घोडा पाहून बोली चढते आणि नाचरा घोडा सर्वांत महाग जातो. मुलीच्या स्वारीला लागतो तो न बुजणारा, वाहनांच्या आवाजाला सरावलेला, दहा-बारा वर्षांचा घोडा, आणि त्याच्याकडे बाजारात कोणी वळूनही पाहत नाही.

घोडा कोठेही पाहा, न सांगता आणि पहाटे जा. खोगीर घालून सज्ज ठेवलेला घोडा पाहू नका. ठाणाची जमीन पुढच्या पायांनी उकरलेली आहे का, गव्हाणीचे लाकूड दातांनी कुरतडून गुळगुळीत झाले आहे का, तुम्ही आत शिरताच कान मागे पडतात का, हे बघा. मालकाला म्हणा की याला तुम्ही आमच्यासमोर पकडून आणा, खूर उचला, खोगीर घाला आणि आधी तुम्ही बसा. मालक बसायला कचरला तर तिथून निघा.

शिरूरविषयी एकच सांगतो. त्या पट्ट्यात उसात बिबटे आहेत हे तुम्ही जाणताच. रात्री पूर्ण बंद होणारा, वरून जाळी असलेला तबेला लागेल, आणि घोड्याला सोबत लागेल. हा कळपात राहणारा प्राणी आहे. एकटा ठेवलेला घोडा अस्वस्थ होतो आणि मग त्याला खोडी लागतात.

पशुवैद्य, सातारा

वरील प्रतिसादातील जवळजवळ सर्व मुद्द्यांशी मी सहमत आहे. मी शेतावर ठेवण्याच्या विचाराबद्दल सविस्तर लिहितो, कारण गाईंचा अनुभव असलेल्या घरात घोड्याची हेळसांड नकळत आणि प्रेमापोटी होते, आणि असे घोडे मी तपासलेले आहेत.

गाईला चार कप्प्यांचे पोट असते व ती रवंथ करते. घोड्याचे जठर लहान, साधारण आठ ते पंधरा लिटरचे, आणि चाऱ्याचे पचन मुख्यतः मागच्या मोठ्या आतड्यात होते. निसर्गतः तो दिवसातले चौदा-सोळा तास थोडे थोडे खात असतो. त्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे चुकीचे किंवा जास्त खाल्लेले बाहेर पडण्याचा मार्गच नसतो. साडेचारशे किलोच्या घोड्याला रोज सुमारे नऊ किलो कोरडा चारा लागतो व पंचवीस ते चाळीस लिटर पाणी, उन्हाळ्यात त्याहून अधिक. दोन वेळा भरपूर खुराक आणि मधले तास रिकामी गव्हाण, ही गोठ्यातील पद्धत घोड्याला मानवत नाही. त्यातून पोटशूळ होतो, जठरात व्रण होतात. रेसच्या घोड्यांत असे व्रण अतिशय सामान्य आहेत, हेही आपल्या थरोब्रेडच्या संदर्भात लक्षात ठेवावे.

हत्तीगवत आणि उसाचे वाढे यांत ऑक्झलेट नावाचे द्रव्य असते. गाईच्या पोटातील जिवाणू त्याचे बऱ्याच अंशी विघटन करतात. घोड्यात ते कॅल्शियमला धरून ठेवते. त्याच्या जोडीला गव्हाचा कोंडा दिला, ज्यात फॉस्फरस फार असतो, तर शरीर हाडांतले कॅल्शियम काढू लागते, घोडा कारण न सापडता लंगडतो आणि पुढे चेहऱ्याची हाडे सुजलेली दिसतात. घरचे आहे म्हणून हत्तीगवत आणि कोंडा यांवर घोडा पोसणे म्हणूनच धोक्याचे आहे. वाळलेले चांगले गवत हा मुख्य आहार, लसूणघास बेताने आणि चंदी कामाच्या प्रमाणात, असे असावे. कोणताही बदल आठ-दहा दिवस घेऊन करावा.

याहून गंभीर गोष्ट पशुखाद्याची आहे. काही पशुखाद्यांत व कोंबडीखाद्यांत मोनेन्सिन नावाचे द्रव्य मिसळलेले असते. गाईंना ते उपयोगी पडते, घोड्याच्या हृदयाच्या स्नायूंना मात्र अत्यल्प प्रमाणातही ते विषारी असते आणि त्यावर उतारा नाही. गाईंचे पाहणाऱ्या गड्याने एका संध्याकाळी आपुलकीने घोड्यापुढे गाईचे घमेले ठेवले, एवढे पुरेसे आहे. घोडा गोठ्याशेजारी ठेवायचाच असेल तर त्याचे खाद्य वेगळ्या खोलीत, कुलपात ठेवा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. तयारीची माझी कसोटी अशी आहे की, आजारी घोडा तुम्हाला आजारी म्हणून ओळखता येतो का? त्यासाठी निरोगी घोडा रोज पाहिलेला असावा लागतो. नाडी मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16, अंगाचे तापमान 99 ते 101.5 अंश फॅरेनहाइट, ही सर्वसाधारण मोजमापे झाली. पण तुमच्या घोड्याची नाडी विश्रांतीत 34 असते की 40, हे तुम्हालाच माहीत हवे. जबड्याच्या कडेखाली बोट ठेवून ती मोजायला मुलीला शिकवा. हिरडी अंगठ्याने दाबून सोडावी, पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. कुशीला कान लावावा. निरोगी पोटातून गुडगुड ऐकू येते, आणि शूळ झालेल्या घोड्यात तिथे अनेकदा काहीच ऐकू येत नाही. तो वळून वळून कुशीकडे पाहतो, वरचा ओठ मुडपतो, पायाने जमीन उकरतो, आडवा होतो व उठतो, चंदी तशीच ठेवतो. अशा वेळी पुढ्यातले खाद्य काढून घ्यावे, लिदेची वेळ, नाडी आणि हिरड्यांचा रंग लिहून ठेवावा आणि लगेच डॉक्टरांना बोलवावे. घरातले वेदनाशामक स्वतःहून टोचू नये, कारण दुखणे दबते आणि आतड्याला पीळ पडलेला असेल तर ते कळायला उशीर होतो.

शिरूरला रात्री दोन वाजता घोडा तपासणारा डॉक्टर किती वेळात पोहोचेल, हे घोडा घेण्याआधी विचारून ठेवा. तालुक्यातील आमचे सहकारी निष्णात आहेत, परंतु त्यांचे बहुतेक काम गाई-म्हशींचे असते. नालबंदाचेही तसेच, बैलांना नाल ठोकणारा कारागीर मिळेल, पण बैलाचा खूर दुभंगलेला असतो आणि घोड्याच्या अखंड खुराचा कोन राखून तो कापणे हे निराळे कसब आहे. दर सहा ते आठ आठवड्यांनी ते करावेच लागते.

धनुर्वात आणि रेबीज यांच्या लसी, तसेच शक्य तेथे इन्फ्लुएंझाची लस चालू असावी. पावसाळ्यानंतर चावऱ्या माशांमुळे पसरणाऱ्या सर्रा या रक्तातील परजीवीच्या रोगासाठी रक्त तपासून घ्यावे. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची चाचणी झाल्याशिवाय कोणताही घोडा आवारात आणू नये. हा रोग माणसाला होतो, त्यावर लस नाही, आणि निदान पक्के झाल्यास कायद्यानुसार घोडा मारावा लागतो. त्याची खात्रीची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. थरोब्रेड घ्यायचे ठरलेच तर विकणाऱ्याच्या नव्हे, तुमच्या डॉक्टरांकडून पुढच्या पायांच्या कंडरांची (टेंडनची) सोनोग्राफी करून घ्या आणि रक्ताचा नमुना राखून ठेवा, म्हणजे लंगडणे लपवण्यासाठी औषध दिले होते का हे नंतर तपासता येईल.

मुठाकाठ, पुणे

डॉक्टरसाहेब, आपले लिखाण दिरांनाही वाचून दाखवले. गोठ्यात सध्या जे पशुखाद्य येते त्याच्या पोत्यावर काय लिहिले आहे ते ते पाहणार आहेत, आणि शेतावर घोडा ठेवण्याचा विचार आम्ही तूर्त सोडला आहे. माझ्या मनात आणखी एक प्रश्न आहे, जो मुलीसमोर बोलायला मला जड जाते. बारावीनंतर ती शिक्षणासाठी बाहेर गेली तर घोड्याचे काय करायचे?

पालक, निगडी

आमचा मुलगा हाफ लीजवर घोडा चालवतो, त्यामुळे त्या बाजूने लिहितो. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. सहा वर्षांचा घोडा आज घेतला तर तुमच्या मुलीच्या शिक्षणाची, नोकरीची आणि कदाचित लग्नाची वर्षे त्याच्या उमेदीच्या काळातच येतील, आणि म्हातारा किंवा कायमचा लंगडा झालेला घोडा सांभाळणाऱ्या जागा आपल्याकडे फार थोड्या आहेत. विकायचा म्हटले तर तो वरातीत नाचवायला जाईल की टांग्याला जुंपला जाईल, यावर तुमचा ताबा उरत नाही. हा प्रश्न जड आहे म्हणून मुलीपासून लपवू नका. तिनेच त्यावर विचार करावा. तिचे उत्तर ऐकून तुम्हाला तिची तयारी बरीचशी कळेल.

लीज हा मार्ग मला या कारणासाठीच योग्य वाटतो. मात्र अनेक लीज अशा असतात की आपण तीन दिवस येतो, स्वारी करतो, निघून जातो आणि अडचण क्लबची असते. अशा लीजवर दहा वर्षे काढली तरी घोडा पाळण्याचे काहीच शिकायला मिळत नाही. तुमचे तीन दिवस म्हणजे त्या दिवसांचे सगळे काम मुलीचे, घोडा लंगडत असला तरी ती येणार आणि पाय थंड पाण्याने शेकणार, असे आधी बोलून घ्या.

सर्व काही कागदावर आणा, ओळख कितीही जुनी असो. घोडा दुखावल्यामुळे महिनाभर स्वारी बंद राहिली तर भाडे द्यायचे की नाही, नालबंदाचा खर्च कोणी किती उचलायचा, शूळाच्या रात्री मालकाचा फोन लागला नाही तर उपचाराला संमती कोण देणार आणि ते बिल कोणाचे, तुमच्या तीन दिवसांखेरीज त्याच्यावर आणखी किती जण बसतात, उडीची उंची किती, किती दिवसांच्या सूचनेने करार सोडता येईल, हे सगळे त्यात हवे. चौदा वर्षांच्या घोड्याच्या बाबतीत दुसऱ्यांच्या स्वारीचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. सकाळी क्लबचे दोन तास झाल्यावर संध्याकाळी तुमची मुलगी त्याला उडी मारायला लावणार असेल तर तो वर्षभरात थकेल, आणि दोष कोणाचा हे ठरणार नाही. मुलगी अल्पवयीन असल्याने सही तुमची असेल, म्हणून करार वाचायलाही तुम्हीच बसा.

कराराची सुरुवात जूनमध्ये करा. पावसाळ्यात तळवे सडतात, पाठीवर बुरशीचे खवडे येतात, मैदान निसरडे असते, गवत दमट मिळते आणि आठवडा-आठवडा स्वारी होत नाही. डिसेंबरच्या गार सकाळी सगळ्यांनाच घोडा हवासा वाटतो.

र्‍हाइनकाठ, जर्मनी

मी मूळची नाशिकची. इथे एखाद्या मालकाच्या घोड्यात ठरलेल्या दिवसांचा वाटा घेऊन स्वारी करण्याची रीत सर्वत्र आहे आणि पन्नाशीच्या अनेक बायका आयुष्यभर तेवढेच करतात. त्यांना कोणी अपुऱ्या स्वार समजत नाही. आपल्याकडच्या चर्चेत हाफ लीज ही मालकीच्या आधीची पायरी म्हणूनच मांडली जाते, त्याऐवजी ती मुलीसाठी कायमची जागाही असू शकते, एवढे सुचवावेसे वाटले. आणखी एक. शौकासाठी पाळलेल्या घोड्याने कोणाला इजा केली तर इथल्या कायद्यानुसार मालकाची चूक नसली तरी भरपाई त्यालाच द्यावी लागते, म्हणून घोडेमालक तिऱ्हाइताला होणाऱ्या नुकसानीचा विमा उतरवतात आणि वाटेकऱ्याचे नाव त्यात आहे का हे आधी विचारले जाते. तुमच्या क्लबचा विमा कोणाकोणाला लागू होतो, मोतद्दाराला होतो का, हे लेखी मागून घ्या.

जुनी पागा, बारामती

निगडीकरांनी पावसाळ्याचा मुद्दा फार नेमका मांडला. त्यात एवढीच भर घालतो की करारापूर्वी त्या चौदा वर्षांच्या घोड्यालाही विकतच्या घोड्यासारखेच तपासून घ्या. शांत घोडा कधी कधी दुखण्याने शांत झालेला असतो. त्याला कडक जमिनीवर हातात धरून दुडकी चालवायला सांगा आणि फक्त मानेकडे पाहा. पुढचा दुखरा पाय टेकताना तो डोके वर उचलतो. खोगीर कोणते वापरतात तेही पाहा. अनेक क्लबांत एकच खोगीर चार घोड्यांवर फिरते, आणि मुंढ्याजवळ, म्हणजे मान आणि पाठ जुळते तिथल्या उंचवट्यापाशी, पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर तिथे पूर्वी खोगीर लागलेले आहे असे समजावे.

मुठाकाठ, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. मुलीला सगळे वाचायला दिले. थरोब्रेडला नकार कळवला आहे. ज्यांच्याकडे तो आहे त्यांना जाणत्या स्वाराचा शोध घेण्याची विनंतीही केली आहे. बारावीनंतरचे काय, हे मी तिला विचारले. तिने एक दिवस मागून घेतला आणि मग सांगितले की लीजच बरी, कारण ती गेली तरी त्या घोड्याची जागा आणि माणसे बदलणार नाहीत.

क्लबचे मोतद्दार तिला सकाळी साडेपाचला बोलावत आहेत आणि मीही तिच्यासोबत जाणार आहे, नाडी मोजायला मलाही शिकायचे आहे. जूनपासून करार करावा असा विचार आहे. मसुदा तयार झाला की इथे ठेवेन. त्यातील उपचाराच्या संमतीचे कलम डॉक्टरसाहेबांनी आणि विम्याचे कलम र्‍हाइनकाठ यांनी एकदा नजरेखालून घालावे, ही विनंती.